बारा फळ्या आणि एक पाइप

शेजाऱ्याच्या घरावर पाणी मारायचं असेल तर आधी बेल वाजवावी, एवढी साधी रीत ज्याला सत्तर वर्षांत कोणी शिकवली नाही, त्या माणसाबद्दल आणखी काय बोलायचं, असं द्वारकाबाई रोज सकाळी सात वाजता म्हणत आणि मग पुढचा अर्धा तास बोलत.

हा माणूस म्हणजे कोह. क्वीन्सटाउनमधल्या जुन्या बैठ्या घरांच्या रांगेत तो द्वारकाबाईंच्या भिंतीला भिंत लावून एकटा राही. गुडघ्यापर्यंत चड्डी, अंगात गंजीफ्रॉक, पायात रबरी सपाता आणि हातात हिरवा पाइप. सात वाजले की तो आपल्या मिरच्यांच्या कुंड्यांना पाणी घाली, मग आपलं अंगण धुई, आणि ते झालं की पाइपचं तोंड वळवून सरळ द्वारकाबाईंच्या घराच्या दर्शनी फळ्यांवर पाणी मारी. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. त्यातही कामाला नेट नाही. अकरा फळ्या वरपासून खालपर्यंत भिजवायच्या आणि बाराव्या फळीपाशी आलं की पाइप खाली करून नुसता पायथा ओला करायचा.

"अर्धवट काम करणारा माणूस मला चोरापेक्षा वाईट वाटतो," द्वारकाबाई पडद्याच्या फटीला डोळा लावून सुनेला सांगत. "चोर निदान आलेलं काम पुरं करून जातो."

"आई, ते चांगल्या मनाने करत असतील," राधिका एका हाताने लॅपटॉप बॅगेत कोंबत म्हणे.

"चांगल्या मनाने करणारे सांगून करतात."

यावर राधिकाला ऑफिसला जायची MRT ट्रेन गाठायची असे, त्यामुळे वाद रोज तिथेच राही.

आता फळ्यांविषयी. त्या साध्या असत्या तर द्वारकाबाईंनी एवढा जीव पाखडला नसता. त्यांचे यजमान दत्ताराम मेस्त्री परळच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं सुतारकाम करत होते. मुलगा अभय इथल्या बँकेत लागला, नागरिक झाला, त्याने हे घर घेतलं, तेव्हा दत्ताराम महिनाभर बघायला आले होते. रस्त्यावर उभं राहून त्यांनी घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "घर बरं आहे, पण ह्याला चेहरा नाही." मग खिशातून स्वतःची टेप काढून दर्शनी भिंतीचं माप घेतलं आणि परत गेल्यावर वर्षभर बसून सागवानाच्या बारा फळ्या केल्या. एकीवर जास्वंद, एकीवर फणस, एकीवर बांगडा. बांगडा का, असं व्याह्यांनी विचारलं तर म्हणाले, आमच्या घरात फुलांपेक्षा तोच जास्त येतो. बाराव्या फळीवर पोपट काढायचा होता. तो त्यांनी पेन्सिलीने काढून ठेवला. पटाशी लावायची तेवढी राहिली. दोन वर्षांपूर्वी फळ्या जहाजाने आल्या, त्यांच्या मागून महिन्याने द्वारकाबाई विमानाने आल्या, आणि दत्ताराम आलेच नाहीत.

इथल्या सुताराने फळ्या बसवल्या, वरून तेलाचा पातळ हात दिला. पोपट तेलाखाली पेन्सिलीचाच राहिला. तिथून येणारे-जाणारे लोक थांबून फोटो काढत आणि द्वारकाबाई आत पडद्याआडून मोजत, आज किती थांबले. सांगायला मात्र त्या कोणाला गेल्या नाहीत. मोठेपणा सांगून मिळवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

ह्या ऑक्टोबरात फळ्यांना काहीतरी होऊ लागलं.

आधी घोट्याच्या उंचीवर पांढरट झाक आली. पुसली की जाई, वाळलं की परत येई. मग लाकडाचा वरचा पदर सुटून कापसासारखे तंतू उभे राहिले, हात फिरवला तर दाढी न केलेल्या म्हाताऱ्याच्या गालावरून फिरवल्यासारखं वाटे. स्क्रूंच्या डोक्यांवरून तांबडे ओघळ आले. खालच्या पट्टीचा एक ढलपा सुटून फुटपाथवर पडला, आणि तो नेमका वसाहतीचा कारभार बघणाऱ्या इस्टेट ऑफिसच्या माणसाच्या पायाशी पडला असावा, कारण चौथ्या दिवशी पत्र आलं.

पत्र अभयने वाचलं, मनातल्या मनात. द्वारकाबाईंना मनातल्या मनात वाचलेली पत्रं आवडत नसत.

"मोठ्याने वाच. मी चौथी शिकलेय, बहिरी नाही."

"आई, ते म्हणतायत की पुढच्या फळ्या खालून खराब झाल्यायत. एकवीस तारखेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका."

"काय काढून टाका?"

"फळ्या."

त्या दिवशी नोव्हेंबरची सात तारीख होती. द्वारकाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. एरवी त्यांच्या तोंडून एका वाक्याला तीन वाक्यं निघत. आज एकही निघेना. नात जाई, वय वर्षं अकरा, शाळेला सुट्टी, सोफ्यावर उलटी पडून मोबाइल बघत होती, तीसुद्धा सरळ होऊन बसली.

"हे कोहचं काम आहे," शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, आणि घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

कोहवर संशय घ्यायला कारण होतं. पाइप तर होताच. पण त्याच्या दिवाणखान्यात माशांची भलीमोठी काचेची पेटी होती, आणि जाईने शपथेवर सांगितलं की त्यातलं पाणी समुद्राचं असतं. "अंकल बाईज द सॉल्ट, आजी. बिग बिग बकेट. मग मिक्स करतो." म्हणजे माणूस घरात समुद्र बनवतो. आणि जुना झालेला समुद्र कुठे टाकत असेल? द्वारकाबाईंनी पडद्याच्या फटीतून दोन दिवस पहारा केला. कोहला खारं पाणी टाकताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली. उघड टाकत नाही म्हणजे लपून टाकतो.

दुसरा गुन्हेगार रस्ता. त्यांच्या घरासमोरच रस्त्याला खोलगट भाग होता. जोराची सर आली की तिथे तळं साचे आणि बस गेली की त्या तळ्यातली एक लाट उठून थेट फणसापर्यंत येई.

तिसरी शक्यता वुडलँड्सहून रविवारी जेवायला आलेल्या सुचित्राने काढली. ही राधिकाची मैत्रीण. तिने फळ्यांना हात न लावता लांबूनच पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, मला बोलायचं नाही, पण दृष्ट आहे ही. एवढं देखणं काम, रोज परके लोक उभे राहून बघतात."

"मी काय हात बांधून बसलेय?" द्वारकाबाईंना राग आला. "आल्या दिवसापासून रोज पहाटे मूठभर खडे मीठ फळ्यांवरून ओवाळते, बादलीत टाकते आणि त्याच पाण्याने फळ्या खालून पुसून काढते. एक दिवस चुकवला नाही. मी पुसून आत येते न येते तोच तो मेला पाइप घेऊन येतो आणि माझं सगळं उतरवलेलं धुऊन टाकतो. दृष्ट राहणार नाहीतर काय? त्याचीच लागलीय. टक लावून बघत असतो फळ्यांकडे."

"मग मूठ वाढवा," सुचित्रा म्हणाली.

द्वारकाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून दोन मुठी केल्या.

सुचित्राचा नवरा विवेक ह्या सगळ्याला हसला, कारण तो शास्त्र मानणारा होता. तो दहा वर्षं टोरांटोला राहून इथे आला होता आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याने टोरांटोला आधी पाहिलेली असे. भात कालवता कालवता त्याने निदान केलं.

"काकू, हे रोड सॉल्ट आहे. शंभर टक्के. टोरांटोला आमच्या घराचं असंच झालं होतं. रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्यात विरघळतं, गाड्या ते भिंतीवर उडवतात. मी तुम्हाला एक लेख पाठवतो, लाकडी दर्शनी भागाचं रक्षण कसं करावं ह्यावर."

"विवेक, ते बर्फासाठी टाकतात," राधिका म्हणाली. "इथे बर्फ कुठे पडतो?"

"मी प्रिन्सिपल सांगतोय," विवेक म्हणाला आणि आणखी आमटी घेतली.

राधिकाने डोक्याला हात लावला, पण द्वारकाबाईंच्या डोक्यात ते पक्कं बसलं. इथलं सरकार किती टापटिपीचं. रस्त्यावर एक पान पडलेलं दिसत नाही. आणि फरशी पुसताना बादलीत मीठ टाकलं की घर स्वच्छ राहतं, हे त्यांच्या आईला ठाऊक होतं, आजीला ठाऊक होतं, ते एवढ्या हुशार सरकारला ठाऊक नसेल? टाकत असणारच. रात्री सगळे झोपले की टाकत असणार.

"पण आजी," जाई म्हणाली, "तू पण तर मीठ लावतेस, वूडला."

"ते ओवाळलेलं मीठ," द्वारकाबाई म्हणाल्या. "ते कुठे खारट असतं?"

जाईने आईकडे पाहिलं. आईला त्याच वेळी ऑफिसचा फोन आला. ती वेळ चुकली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं, पण राधिकाला फोन येण्याचं टायमिंग आजवर कधीच चांगलं नव्हतं.

विवेकच्या लेखात लिहिलं होतं की आडोसा उभारावा. म्हणून मंगळवारी द्वारकाबाईंनी जाईला घेऊन हार्डवेअरच्या दुकानातून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ताडपत्री आणली, कपडे वाळत घालायचे चार बांबू कुंड्यांमध्ये रोवले आणि घराच्या तोंडावर मांडव घातला. ताडपत्री छान ताणून बसली. लाट आली, आपटली, परत गेली. द्वारकाबाई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

दुपारी दोन वाजता रांगेतल्या शेवटच्या घरातली एक वयस्क चिनी बाई आली. काळा ब्लाउज घातलेला. दारासमोर उभं राहून ती ताडपत्रीला तीनदा वाकली. द्वारकाबाईंनी दार उघडताच ती दोन पावलं मागे सरली, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग त्यांच्या हातात एक पांढरं पाकीट ठेवून दंड हळूच दाबला आणि निघून गेली. अर्ध्या तासाने एक जोडपं आलं. तेही वाकलं. तेही पाकीट देऊन गेलं.

"माणसं चांगली आहेत हो," द्वारकाबाईंनी फोनवर राधिकाला सांगितलं. "फळ्यांसाठी वर्गणी काढलेली दिसते. मी मागितली नव्हती. पण परत केली तर त्यांना वाईट वाटेल."

संध्याकाळी अभय धावत घरी आला. टाय सुटलेला, तोंड पांढरं पडलेलं. बसथांब्यावर एका अनोळखी माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सॉरी फॉर युअर लॉस" म्हटलं होतं. अभयने आईला सोफ्यावर शेंगा निवडताना पाहिलं आणि तो दारातच खाली बसला.

"अरे काय झालं?"

"आई, ती ताडपत्री काढ," तो म्हणाला. "इथे घरासमोर असा मांडव घालतात तेव्हा घरात कोणीतरी गेलेलं असतं."

द्वारकाबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

"म्हणजे त्या बाईने मला हात लावून पाहिलं," त्या सावकाश म्हणाल्या, "ते मी जिवंत आहे का ते बघायला."

"तसं नाही ग."

"मी उभी आहे तिच्यासमोर, आणि ती मला माझ्याच मरणाचं पाकीट देते. आणि मी घेते. वर थँक्यू म्हणते."

पाकिटं परत करायला जाई गेली, कारण द्वारकाबाई दोन दिवस दिवसाउजेडी घराबाहेर पडायला तयार नव्हत्या. ताडपत्री उतरवली, तर तिच्या मागे दिवसभर वारा न लागलेल्या फळ्यांना घाम फुटला होता. लाट अडली, पण ओल आत कोंडली गेली.

चौदा तारीख. द्वारकाबाईंनी मुठी तीन केल्या आणि इस्टेट ऑफिसात जायचं ठरवलं. नेसायला इरकल काढलं. कचेरीत जाताना साडी भारी असली की समोरचा माणूस खुर्ची लवकर देतो, हा त्यांचा अनुभव होता. इथे मात्र मशीनमधून नंबर घ्यावा लागला. मशीनला इरकल कळलं नाही. सत्तेचाळीस मिनिटांनी नंबर आला.

टेबलामागे रोस्लान नावाचा तरुण मलय अधिकारी होता. हसरा. द्वारकाबाईंना हसरे अधिकारी आवडत नसत, त्यांच्याशी भांडता येत नाही. दुभाषी जाई.

"त्याला सांग, तुम्ही रस्त्यावर मीठ टाकता ते बंद करा."

जाईने मान खाली घालून, जेवढ्या हळू आवाजात सांगता येईल तेवढ्या हळू सांगितलं. रोस्लानचं पेन थांबलं.

"सॉल्ट? ऑन द रोड? फॉर व्हॉट, आँटी?"

"स्वच्छतेसाठी," द्वारकाबाई म्हणाल्या. हे त्यांना जाईला न विचारता कळलं.

"वी ओन्ली यूज वॉटर, आँटी."

"नुसत्या पाण्याने जंतू जातात कसे, विचार त्याला."

जाईने ते विचारलं नाही. तिने काहीतरी वेगळंच सांगितलं असावं, कारण रोस्लान तिला म्हणाला, "इट्स ओके, माय ग्रँडमदर ऑल्सो लाइक दॅट." मग द्वारकाबाईंनी दुसरी तक्रार काढली: शेजारी रोज, न सांगता, न विचारता, पाइपने फळ्यांवर पाणी मारतो. ही मात्र रोस्लानने लिहून घेतली. शेजाऱ्याशी बोलतो म्हणाला. त्यांना दारापर्यंत सोडायलाही आला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता द्वारकाबाई फटीपाशी उभ्या राहिल्या. कोहने मिरच्यांना पाणी घातलं, अंगण धुतलं, फळ्यांकडे पाहिलं, अगदी बराच वेळ पाहिलं, आणि पाइप गुंडाळून आत गेला.

"जिंकले," द्वारकाबाई म्हणाल्या. आणि ओवाळलेलं मीठ आता कोणी धुऊन टाकणार नाही, तर उतरवायचं ते पुरतं उतरवावं, म्हणून मुठी पाच केल्या.

सोळा तारखेला पांढरं नडगीपर्यंत आलं. सतराला गुडघ्यापर्यंत. बांगड्याच्या शेपटीवर मिठाची बारीक कणी चमकू लागली. अठराला सकाळी द्वारकाबाई बाराव्या फळीसमोर वाकल्या, तर पांढरी कड पोपटाच्या नखापासून चार बोटांवर होती. त्यांनी बोटं लावून मोजली. संध्याकाळी परत मोजली, तर तीन.

त्या रात्री जेवताना अभयने विषय काढला. त्याने फार जपून काढला, त्यावरूनच तो वाईट असणार हे द्वारकाबाईंनी ओळखलं.

"आई, कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला. तो म्हणतो, फळ्या वाचतील. मशीनने वरचा थर घासून काढायचा आणि रंग मारायचा. एका दिवसाचं काम. वीस तारखेला येतो म्हणाला."

"कोरलेलं राहील?"

"ते खोल आहे. राहील."

"आणि पोपट?"

राधिकाने सासूच्या पानात भात वाढला. द्वारकाबाईंनी तो कालवला आणि पहिला घास घेतला. आमटीत मीठच नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर नुसत्या वाफेवरून मीठ ओळखलं, ती बाई अळणी आमटी निमूट जेवली. राधिका पुढे कितीदा तरी म्हणाली की पत्र आलं तेव्हा नाही, पण त्या रात्री मला भीती वाटली.

एकोणीसला पहाटे साडेसहाला द्वारकाबाई स्वयंपाकघरात बादलीतलं मीठ ढवळत होत्या तेव्हा बेल वाजली.

दारात कोह. आयुष्यात पहिल्यांदा बेल वाजवलेली, त्यामुळे बोट अजून बटणावरच. दुसऱ्या हातात दुर्बिणीसारखी छोटी नळी आणि काचेचा ड्रॉपर. द्वारकाबाईंनी जाईला हाक मारली. ती डोळे चोळत आली.

"आँटी कम्प्लेन मी, नेव्हर माइंड," कोह म्हणाला. "बट फोर डेज आय सी. आय कॅनॉट सी एनी मोर. युअर वूड डाइंग."

जाईने सांगितलं. द्वारकाबाईंनी बादली हातातच धरून ठेवली. पाहुणा आला म्हणून हातातलं काम सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, आणि हा तर पाहुणाही नव्हता.

ती नळी म्हणजे माशांच्या पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र होतं. कोहने आधी रस्त्यावरच्या तळ्यातला थेंब त्यावर टाकला आणि जाईला नळीला डोळा लावायला सांगितलं. झीरो. मग त्याने आपल्या पेटीतलं पाणी आणून दाखवलं. थर्टी-फाइव्ह. समुद्र असतो तसाच. आणि ते तो कुठे टाकतो? आपल्या संडासात. अंगणात टाकलं तर मिरच्या मरतील, हे त्याने इतक्या घाबरून सांगितलं की खोटं वाटेना.

मग त्याने द्वारकाबाईंच्या बादलीकडे बोट दाखवून विचारलं, "कॅन?"

द्वारकाबाईंनी बादली पुढे केली. कोहने थेंब घेतला, नळीतून पाहिलं, नळी पुसली, पुन्हा पाहिलं आणि जाईच्या हातात दिली.

"सेव्हंटी, आजी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझ्या बादलीत दोन समुद्र आहेत."

बस गेली. तळ्यातली लाट उठली आणि फणसापर्यंत येऊन परत गेली.

"त्याला सांग, ते ओवाळलेलं मीठ आहे," द्वारकाबाई म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

ओवाळलेलं ह्याला इंग्रजी शब्द जाईला येईना. "शी सेज इट्स स्पेशल सॉल्ट."

कोहने मान डोलावली. "स्पेशल ऑल्सो सॉल्ट, आँटी."

द्वारकाबाईंनी फळीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. दोन वर्षांत एकदाही त्यांनी ते चाखलं नव्हतं. आमटी चाखतात, लोणचं चाखतात, घर कोण चाखतं? तीच चव. त्यांच्याच डब्यातल्या खडे मिठाची.

कोह तीस वर्षं बोटीच्या कारखान्यात लाकडाला वॉर्निश करायचा. सगळं आयुष्य त्याने लाकडाच्या अंगातलं मीठ उतरवण्यात काढलेलं. आँटी पहाटे मीठ लावतात हे त्याने पहिल्याच आठवड्यात पाहिलं. हा ह्यांचा देवाचा काही प्रकार असेल, मध्ये बोलणं बरं नाही, म्हणून तो गप्प राहिला, आणि त्या आत गेल्या की गोड्या पाण्याने फळ्या धुऊन काढू लागला. "एव्हरी डे शी पुट, एव्हरी डे आय वॉश," तो जाईला म्हणाला. "टू इयर्स. कॅन, लाह. लिटल बिट स्टे इनसाइड ओन्ली. दिस मंथ टू मच सॉल्ट, वॉश ऑल्सो कॅनॉट. देन ऑफिस से स्टॉप."

द्वारकाबाईंच्या मनात एकच प्रश्न उरला होता आणि तो विचारल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"विचार त्याला, बारावी फळी अर्धीच का धुतो?"

कोह बाराव्या फळीपाशी गेला आणि पोपटाच्या पाठीवरून, हात न लावता, हवेतच बोट फिरवलं.

"पेन्सिल," तो म्हणाला. "नॉट कार्व्ह येट. स्ट्राँग वॉटर, लेटर गॉन." मग थोडं थांबून त्याने विचारलं, "आय वेट सी. दॅट मॅन व्हेन कमिंग, फिनिश?"

जाईने आजीकडे पाहिलं. ह्या वाक्याचं मराठी करायची गरज नव्हती. 'फिनिश' द्वारकाबाईंना कळत होतं.

"सांग," त्या म्हणाल्या, "त्यांचं काम झालं."

बादली त्यांनी स्वतः नेऊन मोरीत ओतली. सात वाजता कोहने पाइप सोडला, पोपटापाशी आल्यावर खाली केला, आणि ती एक फळी द्वारकाबाईंनी गोड्या पाण्यात फडकं पिळून, वरून खाली, स्वतः टिपली. अभयने कॉन्ट्रॅक्टरला फोन करून नको म्हणून कळवलं. दोन दिवस फळ्या सकाळ-संध्याकाळ धुतल्या, घरातले तीन आणि कोहचा एक असे चार पंखे अंगणात मांडून वाळवल्या, आणि कोहने उठलेले तंतू हलक्या हाताने घासून आपल्या जुन्या डब्यातलं तेल कापडाने चोळलं. बाराव्या फळीला तेल चोळताना तो कापड द्वारकाबाईंकडे देऊन बाजूला उभा राहिला. पोपट तेलाखाली पुन्हा काळाभोर उठून आला. नखं शाबूत होती.

एकवीसला रोस्लान आला. त्याने खालून वरून फळ्या पाहिल्या, स्क्रू हलवून पाहिले, बांगड्याचा फोटो काढला, कागदावर सही केली आणि जाताना हसून विचारलं, "आँटी, रोडवर आता सॉल्ट नाही ना?" एवढं हिंदी-मराठी तो कुठून शिकून आला होता कोण जाणे. द्वारकाबाईंनी त्याला उत्तर दिलं नाही. चहा मात्र दिला.

बावीसला सकाळी सात वाजता कोहने पाइप उचलला तेव्हा द्वारकाबाई पडद्याच्या फटीत नव्हत्या. त्या बाहेर, फळ्यांसमोर, घडी घालून ठेवलेलं इरकल पुन्हा नेसून उभ्या होत्या. शेजारी जाई, हातात कोलंबीच्या कालवणाचा डबा. कोहने नळ बंद केला. आता काय ऐकावं लागणार, अशा चेहऱ्याने तो उभा राहिला.

"आजी, इंग्लिशमध्ये सांगू?" जाईने विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस. माझं मी बघते," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि कोहकडे वळून, एकेक शब्द सुटा करून, शुद्ध मराठीत त्यांनी निकाल दिला.

"हे बघा कोह. माणूस तुम्ही वाईट नाही. हात हलका आहे तुमचा, लाकूड कळतं तुम्हाला. पण शेजारची बाई दोन वर्षं रोज चूक करतेय, ती बघायची, निस्तरायची आणि बेल वाजवून सांगायची नाही, हे काही बरं नव्हे. तेवढं सोडलं तर बाकी मी म्हणत होते तेच खरं निघालं. ह्या फळ्यांना तुमचीच नजर लागली होती. लागली म्हणून पोपट राहिला. उद्यापासून बेल वाजवा, आणि मग खुशाल लावा."